सासूबाई, गुडघा आणि धूमकेतू

८ जानेवारी

परवा सासूबाई येणार. त्यांचा गुडघा बदललाय. दवाखान्यातून सुटल्या की थेट आमच्याकडे, पूर्ण बऱ्या होईपर्यंत. पूर्ण बऱ्या म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बायकोनं कसं बघितलं असतं ते मला माहीत आहे.

छोटी खोली रिकामी करण्यात आजची सुट्टी गेली. छोटी खोली म्हणजे माझी खोली. दुर्बीण आता जेवणाच्या टेबलामागे उभी आहे, तिवई पलंगाखाली गेली, आणि वायरींची भेंडोळी कपाटात बायकोच्या स्वेटरांवर. कॅमेरा मी उशाशी ठेवलाय.

खरं तर फार बिघडलं नाही. आकाशाचे फोटो काढायला लागून तीन वर्षं झाली आणि भिंतीवर लावावा असा एकही निघालेला नाही. मृगातला तेजोमेघ दरवेळी टेबलावर चहा सांडल्यासारखा येतो. दिवसभर मी लोकांच्या लिफ्ट वरखाली नीट चालतात की नाही ते बघतो. संध्याकाळी गच्चीवर जातो तेव्हा वाटतं, आज जमेल. खाली येताना वाटतं, कशाला गेलो. अधूनमधून सगळं बांधून माळ्यावर टाकावंसंही वाटतं. आता आयतं निमित्त मिळालं.

११ जानेवारी

काल सासूबाई आल्या. खुर्चीत बसवून त्यांना लिफ्टनं वर आणलं. आमची लिफ्ट थांबताना किंचित हिसका देते. त्यांनी विचारलं, ही तुम्हीच सांभाळता का. मी हो म्हणालो. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या सुपरवायझर होत्या. अजूनही समोरच्या माणसाशी मध्ये लांबलचक तार असल्यासारखं मोठ्यानं आणि सुटं सुटं बोलतात. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांना काय म्हणून हाक मारायची ते माझं ठरलेलं नाही. मी जवळ जाऊन खाकरतो. आमच्या घरी वडील आणि आम्ही तिघे भाऊ. घरात मोठं बाईमाणूस असलं की त्यांच्याशी काय बोलतात, ते शिकायचं राहूनच गेलं.

१६ जानेवारी

व्यायाम करून घ्यायला रोज सकाळी एक मुलगी येते. सासूबाई तिला तिच्या गावाची, कॉलेजची, भावंडांची चौकशी करत गुंतवून ठेवतात, आणि तास संपतो. मुलगी खूश, सासूबाई खूश, गुडघा जिथल्या तिथे.

आज डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्पष्टच सांगितलं की गुडघा वाकत नाहीये, महिनाभरात वाकला नाही तर भूल देऊन तो जोर लावून वाकवावा लागेल. घरी आल्यावर बायको समजवायला गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वाकवून मला जायचंय कुठे?"

बायको स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. भांडी घासलेलीच होती. सासरे गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सासूबाई फाटकापर्यंतसुद्धा जात नाहीत, असं त्यांची शेजारीण म्हणाली होती. गच्चीवर निघून गेलो.

१८ जानेवारी

आज फार विचित्र प्रकार झाला.

संध्याकाळी गच्चीवर होतो. अर्धा चंद्र माथ्यावर, हवा स्वच्छ. फोकस जुळवत असताना जिन्यात काठी आपटल्याचा आवाज आला. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच येते, पुढे गच्चीपर्यंत एक जिना चढावा लागतो. आवाज थांबत होता, पुन्हा येत होता. मग दारात सासूबाई. केस विस्कटलेले, कपाळावर घाम, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं दाराची कडी धरलेली.

त्यांनी पहिल्यांदा हवा हुंगली. मग माझे हात बघितले. मग कठड्यापाशी जाऊन खाली काही टाकलंय का ते बघितलं.

"सिगारेट कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी सिगारेट ओढत नाही. आयुष्यात ओढलेली नाही. बायकोनं म्हणे त्यांना सांगितलं होतं की रोज अंधार पडला की हा वर जातो, काय करतो कोण जाणे, मला तर संशयच येतो. बारा वर्षांत तिला माझा कधी संशय आला नव्हता, आत्ताच कसा आला कळत नाही. फार वाईट वाटलं.

पण सासूबाईंना खुर्ची तर द्यायला हवी होती. दिली. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत काय करायचं म्हणून म्हटलं, बघा यातून. त्यांनी डोळा लावला. चंद्रावरच्या उजेडाच्या कडेला विवरांच्या सावल्या अशा पडल्या होत्या की बोटानं चाचपाव्यात. त्या बराच वेळ हलल्या नाहीत. मला वाटलं, चक्कर आली की काय.

"हे रोज इथं असतं?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आलेला.

मी म्हटलं, असतं.

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

त्यांना हात धरून खाली आणलं. बायको सोफ्यावर मासिक वाचत बसली होती. आई एवढा जिना चढून आली याचं तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. मासिक उलटं होतं, ते मी तिला दाखवून दिलं.

१९ जानेवारी

पुन्हा आल्या. आता संशय नाही, सरळ शाल घेऊन आल्या. मला फोटो काढता आले नाहीत, कारण दुर्बीण सतत त्यांच्याकडे.

२५ जानेवारी

बायकोला संध्याकाळची पाळी लागली आहे. तिच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम फार वाढलंय म्हणे. त्यामुळे अंधार पडल्यावर सासूबाईंकडे बघण्याची जबाबदारी माझ्यावर. आज त्यांचं औषध आणायला गेलो तेव्हा लॅबवरून गेलो, तर शटर खाली. आतून काम चालत असेल. बिचारी दमून येते, पण चेहरा मात्र टवटवीत असतो. कॉफीचा वासही येतो. तिथे चांगली कॉफी देत असावेत.

सासूबाईंना आज गुरू दाखवला. मी दुर्बीण फिरवत असताना त्या शेजारी बसून असतात, आणि ग्रह मध्यभागी आला की म्हणतात, "लागला. बोला." एक्स्चेंजची सवय. गुरूचे चार चंद्र एका ओळीत होते. त्यांनी विचारलं, त्यातला कोणता गुरूच्या पुढून चाललाय आणि कोणता मागून. मला सांगता आलं नाही. खाली येऊन पुस्तक काढून बसलो.

२ फेब्रुवारी

सासूबाईंनी मला न विचारता माझा एक फोटो त्यांच्या मैत्रिणींना पाठवला. एक्स्चेंजमधल्या सगळ्या निवृत्त बायकांचा फोनवर एक गट आहे. मृगाचा तो चहा सांडलेला तेजोमेघ. मी चिडलो. म्हणालो, फोकस गेलेला आहे, रंग खोटा आलाय, कडेचे तारे लांबट झालेत, असा फोटो कोणाला दाखवत नसतात.

त्या म्हणाल्या, "आमच्यातल्या दोघींना मोतीबिंदू आहे, एक अंथरुणावर आहे. तुमच्या कडेचे तारे कोण मोजतंय?"

संध्याकाळपर्यंत गटावर नुसता गोंधळ. हे काय आहे, कुठे आहे, किती लांब आहे, आमच्या गच्चीतून दिसेल का. अंथरुणावर असलेल्या बाईंनी पलंग खिडकीपाशी सरकवून घेतला म्हणे. आणखी पाठवा, अशी मागणी आली आहे.

मी सासूबाईंना म्हटलं की माझ्याकडे असल्या गोष्टींना वेळ नाही. मग जेवण झाल्यावर चंद्राचा त्यातल्या त्यात बरा जुना फोटो शोधून नीट केला आणि त्यांच्या फोनवर पाठवला.

१० फेब्रुवारी

अमावस्या. आकाश उत्तम, वारा मात्र फार. बायको म्हणाली, तिवई एवढी उंच कशाला ठेवतोस, पडेल ना दुर्बीण, पाय आत घेऊन ठेव. तिला या गोष्टीतलं काही कळत नाही, पण आज म्हणाली ते बरोबर होतं. खाली घेतल्यावर फोटो खरंच कमी हलले.

तोटा एवढाच की मृग डोक्यावर आला की दुर्बिणीचं तोंड वर जातं आणि बघायची बाजू अगदी खाली येते. सासूबाईंना खुर्चीवरून डोळा लागेना. मग छोटं स्टूल आणलं. त्यावर बसायला गुडघा चांगलाच मोडावा लागतो. मी म्हटलं, आज राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. ओठ घट्ट मिटून, माझ्या खांद्यावर भार टाकून त्या हळूहळू खाली बसल्या. खांद्याला बोटांचे वळ उठलेत. पण मग तेजोमेघ त्यांना असा दिसला की त्या उठायचं नाव घेईनात.

तिथं नवे तारे जन्मतात हे त्यांना सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, आमचे हे असते तर म्हणाले असते, आता उठ, थंडी वाजेल. मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "उठणार नाही म्हणावं."

१५ फेब्रुवारी

वारा पडला तरी तिवई खालीच ठेवली आहे. बायको म्हणते, असू दे, वाऱ्याचा काय भरवसा.

डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, पुन्हा वाकवून बघितला. भूल द्यायची गरज नाही म्हणाले. व्यायामाच्या मुलीचं कौतुक केलं. मुलगी गोंधळली, पण नाही म्हणाली नाही. बायको गाडीत रडली. आई म्हणाल्या, रडतेस काय, सिग्नल हिरवा झालाय.

२८ फेब्रुवारी

नव्या धूमकेतूची बातमी आली आहे. मार्चच्या मध्यात सूर्यास्तानंतर पश्चिमेला अगदी खाली दिसेल, चार-पाच दिवसच. मग सूर्यामागे जाईल आणि आपल्या हयातीत परत यायचा नाही.

आई बातमी गटावर टाकून मोकळ्या झाल्या, वर लिहिलं, आमचे जावई फोटो काढणार आहेत. मला न विचारता. झोप उडाली आहे.

६ मार्च

गच्चीवरून पश्चिम दिसत नाही. म्हणजे दिसते, पण समोर नवी इमारत उभी राहिली आहे आणि धूमकेतू नेमका तिच्या सहाव्या मजल्याच्या मागे येणार. तिन्ही वर्षं मी डोक्यावरच बघत आलो, कधी समोर बघितलंच नव्हतं.

आईंनी एका वाक्यात प्रश्न सोडवला. शहरभर लिफ्ट बघत फिरता, एक तरी गच्ची असेल ना ओळखीची?

आहे की. नदीकाठची जुनी इमारत. पलीकडे नुसती शेतं आणि आकाश. तिथला चौकीदार माझ्या ओळखीचा आहे. उद्याच विचारतो.

९ मार्च

ढग.

१० मार्च

ढग. गटावर विचारणा सुरू आहे. अंथरुणावरच्या बाई म्हणतात, घाई नाही, आम्ही कुठे चाललोय.

१२ मार्च

ढग फाटले, पण नदीकाठच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. तक्रार माझ्याकडेच आली. दिवसभर वर मोटरच्या खोलीत होतो. मुख्य भाग झिजलाय, नवा यायला आठवडा लागेल. मीच पाटी लावली, लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

घरी येऊन आईंना सांगितलं की आता जमणार नाही, मी एकटाच जाऊन फोटो काढून आणतो. त्या जेवल्या आणि खोलीत गेल्या. दार लावण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

मला तरी कुठे एकट्यानं जावंसं वाटतंय? गेली तीन वर्षं एकटाच जात होतो, तेव्हा काही वाटत नव्हतं.

१३ मार्च

दुपारी चार वाजल्यापासून आई दाराशी चपला घालून बसल्या होत्या. मी समजावलं, आठ मजले आहेत, मध्येच गुडघ्यानं नाही म्हटलं तर मी काय करू. बायकोनं माझी बाजू घ्यावी म्हणून तिच्याकडे बघितलं. तिनं आईच्या हातात पाण्याची बाटली दिली.

जिन्यात मी मागे, माझ्या पाठीवर दुर्बीण, गळ्यात कॅमेरा, दोन्ही हातांत सामान. त्या पुढे, एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. प्रत्येक मजल्यावर थांबायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, लिफ्ट कधी सुरू होणार. आई म्हणाल्या, "हेच लिफ्टवाले आहेत, यांनाच विचारा." आणि पुढे निघाल्या. मी तोंड चुकवून वर गेलो.

सहाव्या मजल्यानंतर त्यांचा वेग कमी झाला. पायरीवर पाय टेकताना त्यांचा तोल गेला, मी सामान टाकून ओरडलो, "आई, सावकाश." त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. फारच विचित्र बघितलं, काय झालं कळेना. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाल्या, नाही, चला. मग उरलेले दोन मजले मात्र झपाट्यानं चढल्या.

वर पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. आता अर्धा तास हातात. मी ताऱ्यांमागे आपोआप फिरणारी मोटरची तिवई काढली आणि लक्षात आलं की ती जुळवायला ध्रुवतारा लागतो, आणि अजून एकही तारा उगवलेला नाही. केबल सापडेना, मग सापडली तर बॅटरीच चालेना. जिन्यात सामान टाकलं तेव्हा ती आपटली असणार. घाम फुटला. मैत्रिणींचा गट डोळ्यासमोर येत होता. मी गुडघ्यांवर बसून वायरी उपसत होतो.

आईंनी माझी कॉलर धरली. खरंच, कॉलर धरली आणि मला उभं केलं.

"आधी डोळ्यांनी बघून घ्या," त्या म्हणाल्या.

नदीच्या वर आकाश पिवळं होतं, त्याच्यावर फिकट हिरवं, त्याच्यावर निळं. त्या निळ्यात चंद्राची कोर, नखाएवढी. आणि कोरीच्या डाव्या बाजूला, जरा खाली, धूमकेतू. शेपूट वर गेलेली, टोकाला पसरत विरत गेलेली. कुठलंही यंत्र न लावता, नुसता दिसत होता. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. आकाशाकडे मी कायम पडद्यातूनच बघत आलो, असं काहीसं मनात आलं. आई शेजारी उभ्या होत्या. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि बहुतेक तिची आठवणही त्यांना नव्हती.

मग त्याच म्हणाल्या, मोटर राहू द्या, कॅमेरा साध्या तिवईवर लावा आणि दाबा बटण. मी म्हटलं, असं होत नसतं. मग विचार केला, का होत नसतं? उजेड आहे, दोन सेकंदांत काम होईल, तेवढ्यात तारे कुठे पळताहेत? कॅमेरा लावला. माझा हात हलत होता म्हणून बटण त्यांना दाबायला सांगितलं.

"लागला," त्या म्हणाल्या, आणि दाबलं.

कोर, धूमकेतू, खाली नदीत त्या पिवळ्या उजेडाची पट्टी. सगळं एका चौकटीत, सगळं स्वच्छ. मी पडदा बघितला आणि मटकन कठड्याच्या पायथ्याशी बसलो. त्यांना वाटलं मला काही झालं.

१४ मार्च

गटावर एकशे चाळीस निरोप. अंथरुणावरच्या बाईंनी फोटो छापून पलंगासमोर लावून घेतला. फोटो कोणी काढला असं एकीनं विचारलं, तर आईंनी लिहिलं, जावयांनी. मी लगेच दुरुस्ती पाठवली, बटण आईंनी दाबलं. त्यावरून आमच्यात दुपारभर वाद चालला. बायको म्हणाली, तुम्ही दोघं जरा हळू भांडा, खाली ऐकू जातंय.

२२ मार्च

डॉक्टरांनी मोकळं केलं. आई परवा घरी जाणार. त्यांचं घर, त्यांची बाग, कोणी वाट बघत नसलं तरी तिथं जायचंय म्हणाल्या. चांगलंच आहे. मलाही माझी खोली परत मिळेल. आज जेवण गेलं नाही, दुपारी कँटीनमध्ये काहीतरी खाल्लं होतं त्यानं असेल.

२४ मार्च

सोडून आलो. फाटकापासून दारापर्यंत काठीशिवाय चालत गेल्या. शेजारीण बघतच राहिली. बायकोची संध्याकाळची पाळी नेमकी आजपासून संपली आहे.

३० मार्च

दुर्बीण अजून जेवणाच्या टेबलामागेच आहे. खोलीत हलवायला वेळ झाला नाही.

गच्चीवर दोनदा जाऊन आलो. हवा स्वच्छ होती. पण खुर्ची रिकामी असली की लक्ष लागत नाही, उचलून ठेवायला हवी.

४ एप्रिल

रोज संध्याकाळी आईंचा फोन येतो. त्यांनी द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण, घेतली आहे. आज विचारत होत्या की सिंहाच्या शेपटीच्या बाजूला धुरकट काहीतरी दिसतंय, ते काय. मी म्हटलं, तुमच्या काचेवर डाग असेल. त्या म्हणाल्या, पुसली. मी म्हटलं, मग ढग असेल. त्या म्हणाल्या, तासाभरापासून ताऱ्यांबरोबरच सरकतोय, ढग असा सरकतो का? नकाशा काढून बघितलं तर तिथं सैलसर तारकागुच्छ आहे. शहरातून तो मला कधीच दिसला नाही. त्यांच्या गावात रस्त्यावर दिवे कमी, आकाश काळंभोर. मी ऐकत बसलो. फोन तापला तेव्हा लक्षात आलं की तास होऊन गेला होता.

६ एप्रिल

साहेबांकडे रजेचा अर्ज दिला. अमावस्येच्या आसपासचे आठ दिवस. साहेबांनी विचारलं, घरी काही कार्य आहे का. मी म्हटलं, सासरी जातोय. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला आणि माझ्याकडे काळजीनं बघितलं.

त्यात काळजीसारखं काही नाही. तिथलं आकाश काळं आहे, म्हणून जायचं. फोटोच्या दृष्टीनं सोयीचं, एवढंच.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, मग मीही येते. मी तिला नीट समजावलं की आम्ही दोघं रात्रभर गच्चीवर असणार, दिवसा झोपणार, बोलणं सगळं ताऱ्यांचं, तुला तिकडे फार कंटाळा येईल.

ती हसू दाबत होती, कशाचं ते कळलं नाही.

"ते माझं माहेर आहे," ती म्हणाली. "लक्षात आहे ना?"

ते बरोबरच होतं. मी जरा विचार केला आणि ये म्हटलं. फक्त अंधार पडल्यावर गच्चीवरचा दिवा लावायचा नाही, हे आधीच सांगून ठेवलंय. आईंना चालत नाही.